पेकिंगचं बीजिंग कसं झालं? शेजारच्या स्वराची करामत

(भागाचा लिखित मजकूर. चिनी शब्द कानाला लागतात तसे देवनागरीत लिहिले आहेत. चढ-उताराच्या खुणा दिलेल्या नाहीत.)



आजच्या भागाची सुरुवात तुमच्या हातातल्या मोबाईलवरच करूया. विमानाची तिकिटं काढायचं कुठलंही ॲप उघडा आणि बीजिंगला जायचं तिकीट शोधा. शहराच्या मोठ्या विमानतळाचा कोड दिसेल पी-ई-के. शहराचं नाव बीजिंग आणि कोडमध्ये 'के' कुठून आला? आता नानजिंग शोधा. कोड आहे एन-के-जी. इथेही 'के'. आणि आता तिएनजिन शोधा. तिथे मात्र टी-एस-एन. म्हणजे बीजिंग, नानजिंग, तिएनजिन या तिन्ही नावांत आपल्याला 'ज' ऐकू येतो, पण कोडमध्ये दोन ठिकाणी 'क' आहे आणि एका ठिकाणी 'त्स'.

हे कोड ज्या जुन्या स्पेलिंगांवरून आले, ती होती पेकिंग, नानकिंग आणि तिएनत्सिन. आपल्याकडच्या जुन्या मराठी पुस्तकांतही 'पेकिंग' सापडतं. पुष्कळांना वाटतं की परदेशी लोकांना चिनी नावं नीट ऐकूच आली नाहीत, त्यांनी मनाला येईल तसं लिहिलं आणि १९५८ साली चीन सरकारने पिनयिन ही रोमन लेखनपद्धत मंजूर केल्यावर चूक दुरुस्त झाली. पण गोष्ट तशी नाही. तो 'क' खरा होता. तो 'त्स'ही खरा होता. दोन वेगळी व्यंजनं होती आणि दोघांचा मिळून एकच आवाज झाला. हे कुणी केलं? त्यांच्या शेजारी बसलेल्या 'इ' या स्वराने.

आजचा विषय हाच. चिनी भाषांमध्ये स्वर व्यंजनाला कसा बदलतो, व्यंजन स्वराला कसं बदलतं आणि एखादं व्यंजन नाहीसं झालं तरी त्याची खूण मागे कशी राहते. 'चिनी भाषांमध्ये' असं अनेकवचन मी मुद्दाम वापरतोय. त्याचं कारण शेवटी येईल.

आधी एक छोटा प्रयोग. बसमध्ये असाल तर हळू आवाजात करा, नाहीतर शेजारचा माणूस बघत बसेल.

म्हणा: घरचा. आता म्हणा: घरची.

परत एकदा. घरचा, घरची. लिहिताना अक्षर एकच आहे, 'च'. पण जिभेकडे लक्ष द्या. 'घरचा' म्हणताना चाकातला, चुलीतला च आहे. जिभेचं टोक दातांच्या मागे जातं, जवळजवळ 'त्स'. 'घरची' म्हणताना चिमणीतला च आहे. जिभेचा मधला भाग वर टाळूला जातो. माझा आणि माझी, तुझा आणि तुझी, इथेही झ तसाच बदलतो. आणि 'कसा' - 'कशी', 'असा' - 'अशी' यांत तर बदल इतका स्पष्ट आहे की आपण तो लिहितोसुद्धा. स चा श झाला.

हे का होतं? 'ई' म्हणताना जीभ टाळूजवळ न्यावी लागते. तोंड आळशी असतं, किंवा हुशार म्हणा हवं तर. पुढे 'ई' येणार हे माहीत असल्यामुळे ते व्यंजन उच्चारतानाच जीभ टाळूकडे न्यायला लागतं. स्वर अजून आलेला नाही, पण त्याचा रंग आधीच्या व्यंजनाला लागला. भाषाशास्त्रात याला तालव्यीकरण म्हणतात. तालू म्हणजे टाळू.

हा प्रयोग डोक्यात ठेवून आता बीजिंगला जाऊया.

पहिली गोष्ट म्हणजे उच्चार. मँडरिनमध्ये ब, द, ग असे घशात कंप होणारे आवाज नाहीतच. पिनयिनमध्ये 'बी' लिहितात तिथे उच्चार 'प', आणि 'जे' लिहितात तिथे चिमणीतला 'च'. त्यामुळे बीजिंगवाले आपल्या शहराला 'पेइ-चिंग' म्हणतात, तिएनजिनवाले 'थ्येन-चिन'. मराठी माणसाला हे सोपं जातं, कारण प आणि फ, त आणि थ, च आणि छ हा फरक आपण लहानपणापासून करतो. मँडरिनमध्ये नेमका तोच फरक चालतो.

'पेइ-चिंग' म्हणजे उत्तरेची राजधानी. त्यातला 'चिंग' म्हणजे राजधानी. हा शब्द पूर्वी 'किंग' होता. आणि 'थ्येन-चिन' मधला 'चिन' म्हणजे नदीचा उतार, धक्का. तो पूर्वी 'त्सिन' होता. 'किंग' मधल्या 'क'ला पुढच्या 'इ'ने ओढलं, जीभ तोंडाच्या मागच्या भागातून पुढे सरकत टाळूपाशी आली आणि झाला 'च'. 'त्सिन' मधल्या 'त्स'लाही त्याच 'इ'ने ओढलं, जीभ दातांकडून मागे सरकत टाळूपाशी आली आणि झाला 'च'. एक मागून आला, एक पुढून आला, दोघांची गाठ टाळूपाशी पडली. गेल्या दोन-तीनशे वर्षांत बीजिंगच्या बोलण्यात ही गाठ पक्की झाली.

त्यामुळे आजच्या मँडरिनमध्ये एक कडक नियम दिसतो. क, ख आणि ह नंतर 'इ' येत नाही. त्स, थ्स आणि स नंतरही खरा 'इ' येत नाही. 'इ' हवा असेल तर आधी च, छ किंवा श हवा. आपल्याकडे 'चाक'चा च 'इ'च्या आधी येत नाही, तसंच. फक्त आपल्या 'क'ला 'ई'ने काही केलं नाही. आपण 'की' म्हणतो आणि तो 'की'च राहतो.

पण 'क'चा 'च' होणं ही काही चीनची मक्तेदारी नाही. सोलापूरकडचे श्रोते हे लगेच ओळखतील. कानाला कन्नडमध्ये 'किवी' म्हणतात आणि तेलुगूत 'चेवी'. शब्द मुळात एकच. कन्नडने 'क' धरून ठेवला, तेलुगूत पुढच्या स्वराने त्याला टाळूकडे ओढून नेलं.

चीनमध्ये कन्नडची जागा घेते कँटनीज. हाँगकाँग, मकाव आणि क्वांगतुंग प्रांतात बोलली जाणारी भाषा. कँटनीजमध्ये राजधानीला आजही 'किंग' म्हणतात आणि धक्क्याला 'त्सन'. दोन वेगळे आवाज आजही वेगळे.

याचं सगळ्यात मजेशीर उदाहरण रोजच्या बातम्यांत आहे. चीनचे राष्ट्राध्यक्ष शी जिनपिंग. मँडरिन उच्चार 'शी चिन-फिंग'. हाँगकाँगच्या रेडिओवर बातम्या लावा. तिथे याच माणसाला, याच तीन अक्षरांना 'त्साप कन-फिंग' म्हणतात. माणूस तोच, लिपी तीच. 'शी'मध्ये 'इ'ने जुन्या दंत्य व्यंजनाचा 'श' केला आणि शेवटचा 'प' गळून गेला. 'चिन'मध्ये 'इ'ने 'क'चा 'च' केला. 'फिंग'मध्ये मात्र आधी ओठांचं व्यंजन आहे. ओठांच्या आवाजात जिभेला काही काम नसतं, त्यामुळे 'इ' त्याला टाळूकडे ओढू शकला नाही. म्हणून ते अक्षर दोन्हीकडे सारखं राहिलं. एका नावात सगळा नियम सापडतो.

हाँगकाँगचंही तसंच. मँडरिनमध्ये त्या शहराला 'श्यांग-कांग' म्हणतात. पहिल्या अक्षरात 'ह'च्या पुढे 'य' होता, त्याने 'ह'चा 'श' केला. दुसऱ्या अक्षरात 'क'च्या पुढे सरळ 'आ' आहे. तिथे ओढणारं कुणी नाही, म्हणून 'क' जागेवर राहिला.

आता तुम्ही म्हणाल की 'इ'च फार दादागिरी करतो. तर तसं नाही. ओठांच्या व्यंजनांना बदलणारेही शेजारी आहेत, आणि तिथे थेट आपल्याकडून गेलेला एक शब्द साक्षीला आहे. तो शब्द म्हणजे 'बुद्ध'.

बौद्ध धर्म चीनमध्ये गेला तेव्हा संस्कृत आणि प्राकृत शब्द चिनी अक्षरांत बसवावे लागले. 'बुद्ध'साठी जे अक्षर निवडलं, त्याचा तेव्हाचा उच्चार अभ्यासकांच्या मते 'ब्युत'च्या जवळचा होता. ऐकायला 'बुद्ध'ला बराच जवळ. जपानने हे अक्षर चीनकडून उचललं आणि ते आजही 'बुत्सु' म्हणतात. पण मँडरिनमध्ये आज त्याचा उच्चार आहे 'फो'. हा फळातला फ नाही, ऑफिसमधला फ. कँटनीजमध्ये 'फत', तोच ऑफिसमधला फ.

याच्या जोडीला दुसरा शब्द ठेवा, 'बोधिसत्त्व'. एवढा लांब शब्द चिनी लोकांनी दोन अक्षरांत आटोपला. मँडरिनमध्ये आज तो 'फू-सा' आहे. पण इथे फ आहे फळातला. ओठ पूर्ण मिटून सोडलेला.

म्हणजे बघा. 'बुद्ध' आणि 'बोधि', दोन्ही एकाच 'बुध्' धातूचे. दोन्ही चीनमध्ये 'ब'ने सुरू होणाऱ्या अक्षरांत बसले. एकाचं व्यंजन दात-ओठांचं झालं, दुसऱ्याचं ओठांचंच राहिलं. फरक कशामुळे? 'ब्युत'मध्ये 'ब'च्या मागे 'य'सारखा आवाज आणि मग 'उ'सारखा स्वर होता. हा जोडीचा शेजार मिळाला की जुन्या चिनीत ओठांची व्यंजनं दातांवर घसरायची आणि त्यांचा ऑफिसमधला 'फ' व्हायचा. 'बोधि'च्या अक्षरात तो 'य' नव्हता. म्हणून तो वाचला.

आणि फूक्येन प्रांतातली, तैवानमध्येही खूप बोलली जाणारी होक्कियन भाषा? तिच्यात हा बदल झालाच नाही. होक्कियनमध्ये ऑफिसमधला 'फ' हा आवाजच नाही. उडण्याला मँडरिनमध्ये 'फेइ' म्हणतात, होक्कियनमध्ये 'पोए'. जुना 'प' अजून तिथे शाबूत आहे.

इथवर स्वर पुढे बसून मागच्या व्यंजनाला बदलत होता. आता उलटा खेळ. व्यंजन स्वराला कसं बदलतं?

मँडरिनमध्ये डोळ्याला पिनयिनमध्ये वाय-ए-एन लिहितात. मेंढीसाठी लिहितात वाय-ए-एन-जी. कागदावर स्वर एकच दिसतो. पण ऐकाल तर मेंढी आहे 'यांग' आणि डोळा आहे 'येन'. 'यान' नाही, 'येन'. कँटनीजमध्ये डोळा 'ङान' आहे, तिथे आ अजून स्वच्छ ऐकू येतो. मँडरिनमध्ये तो 'आ' 'ए'कडे का गेला? कारण तो चेपला गेला. आधी 'य', त्याला जीभ वर आणि पुढे हवी. नंतर 'न', त्यालाही जीभ पुढे हवी. मधल्या 'आ'साठी जिभेने एवढ्याशा वेळात खाली जाऊन परत वर यायचं. त्यापेक्षा ती अर्ध्यावरूनच परत फिरते आणि 'ए' होतो. 'यांग'मध्ये शेवटी 'ङ' आहे. तो घशाकडे, मागे. त्यामुळे जीभ मोकळेपणाने खाली जाऊन मागे जाते आणि 'आ' टिकतो. तिएनजिनचा उच्चार 'थ्येन' होतो तो यामुळेच. तिएनआनमेन चौकातलं पहिलं अक्षरही हेच, 'थ्येन' म्हणजे आकाश.

आणि कधी कधी व्यंजन स्वराला गिळूनच टाकतं. मँडरिनमध्ये 'शि'सारखं एक अक्षर आहे. पिनयिनमध्ये एस-एच-आय लिहितात. पण हा आपला 'शी' नाही. 'श' म्हणताना जीभ मागे वळवून ठेवायची आणि तिथेच घशातून आवाज सुरू करायचा. जीभ हलवायचीच नाही. ऐकू येतो तो एक गुणगुणता, घासणारा आवाज. लिहिताना 'आय' आहे, पण स्वर व्यंजनात विरघळला आहे. 'स'च्या पुढेही असंच होतं. चार या आकड्याला मँडरिनमध्ये म्हणतात ते 'सी' नव्हे, तो 'स'मध्येच बुडालेला एक स्वर आहे.

याचा परिणाम काय झाला ते ऐका. दगड, खाणं आणि दहा. तीन वेगळे शब्द. मँडरिनमध्ये तिन्ही 'शि'. स्वरही तोच, चढता सूरही तोच. कानाला अगदी सारखे. आता कँटनीजमध्ये: दगड 'सेक', खाणं 'सिक', दहा 'सप'. शेवटची व्यंजनं जिवंत आहेत, म्हणून त्यांच्या आधीचे स्वरही वेगळे राहिले. मँडरिनमध्ये आधी शेवटचे क, प, त गळाले, मग उरलेल्या स्वराला पहिल्या व्यंजनाने गिळलं, आणि तीन शब्द एकाच डब्यात येऊन बसले. स्तूपासाठी चीनमध्ये गेलेला शब्दही असाच झिजला. कँटनीजमध्ये अजून 'थाप' आहे, मँडरिनमध्ये नुसता 'था'. आपला 'यम' कँटनीजमध्ये 'यिम' आहे, मँडरिनमध्ये 'येन'. शेवटचा 'म' तिथे 'न' झाला.

युआनरेन चाओ नावाचे मोठे चिनी भाषाशास्त्रज्ञ होते. १८९२ साली तिएनजिनमध्ये जन्मले, पुढे अमेरिकेत बर्कलीला शिकवत होते. त्यांनी एक छोटी गोष्ट लिहिली. दगडी खोलीत राहणारा आणि सिंह खाणारा एक कवी, असा विषय. गोष्टीत नव्वदहून जास्त चिनी अक्षरं आहेत आणि मँडरिनमध्ये वाचलं तर प्रत्येकाचा उच्चार 'शि', फक्त सूर वेगवेगळे. डोळ्यांनी वाचा, अर्थ लागतो. मोठ्याने वाचा, कुणालाच काही कळत नाही. तीच अक्षरं कँटनीजमध्ये वाचली तर सेक, सिक, सप, सत, सी असे वेगवेगळे आवाज येतात.

मोबाईलवर चिनी टाइप करणारा कुणी मित्र असेल तर त्याला एस-एच-आय दाबायला सांगा. अक्षरांची अशी रांग लागते की बोटाने सरकवत राहावं. मँडरिनमध्ये सूर सोडून मोजली तर जेमतेम चारशेच्या आसपास अक्षरध्वनी उरतात. पण म्हणून मँडरिन काही अडून बसली नाही हं. तिने जोडशब्द केले. एकटा 'शि' कळत नाही, म्हणून दगडाला 'शि-थोउ' आणि सिंहाला 'शि-त्स'. आवाज कमी पडले तर शब्द लांब करायचे. प्रत्येक भाषा आपला संसार असाच सांभाळते.

आता आजच्या भागातला माझा सगळ्यात आवडता तुकडा. चिनी भाषांचं नाव काढलं की पहिली भीती वाटते ती सुरांची. एकच अक्षर वर, खाली, चढत, उतरत म्हटलं की अर्थ बदलतो. हे सूर आले कुठून? त्यांतले बरेचसे आले व्यंजनांतून.

गळ्यावर बोट ठेवा. म्हणा 'का'. आता म्हणा 'गा'. 'गा'च्या वेळी सुरुवातीपासून बोटाला कंप जाणवेल. असा कंप असलेल्या व्यंजनानंतर स्वर किंचित खालच्या पट्टीत सुरू होतो. फरक इतका बारीक की आपल्या लक्षातही येत नाही. जगभरातल्या माणसांच्या गळ्यात हे होतं.

जुन्या चिनीत 'थुंग' आणि 'दुंग' असे दोन शब्द होते. पहिल्याचा अर्थ आरपार जाणं, दुसऱ्याचा अर्थ सारखं असणं. 'दुंग' जरा खालून सुरू व्हायचा. शेकडो वर्षं लोकांनी दोन गोष्टी एकदम ऐकल्या, 'द'चा कंप आणि खालची पट्टी. मग बहुतेक चिनी भाषांत तो कंप हळूहळू गेला. 'द'ही 'थ'सारखा झाला. पण पट्टीतला फरक राहिला. आता मँडरिनमध्ये दोन्ही 'थोंग' आहेत, एक उंच आणि सपाट, दुसरा चढता. कँटनीजमध्ये दोन्ही 'थुंग', एक उंच, दुसरा खालचा. व्यंजनांतला भेद गेला आणि तोच भेद स्वराच्या सुरात जाऊन बसला. भाडेकरू घर सोडून गेला, पण भिंतीवर त्याने ठोकलेले खिळे राहिले, तसं.

आणि शांघायची भाषा? तिथे तो जुना भाडेकरू अजून राहतोय! शांघायमध्ये एक शब्द 'थोंग' आहे आणि दुसरा घोगऱ्या, खालच्या सुरातला 'दोंग'. कारण आणि परिणाम दोन्ही एकाच वेळी ऐकायला मिळतात.

आपल्या देशातही हे घडलंय. पंजाबी माणसाला 'घोडा' म्हणायला सांगा. सुरुवातीला 'क'सारखा आवाज येईल आणि पुढचा स्वर खाली दबलेला असेल. 'घ' गेला, त्याचा भार स्वराच्या सुरावर आला.

आता प्रश्न असा की हजार-पंधराशे वर्षांपूर्वी कोण काय उच्चार करत होतं हे कळतं कसं? चिनी लिपीत तर क, ख, ग असं काही लिहीत नाहीत. इथे चिनी पंडितांनी फार सुरेख युक्ती काढली होती. एखाद्या अवघड अक्षराचा उच्चार सांगायला ते दोन सोपी अक्षरं द्यायचे. पहिल्याचं सुरुवातीचं व्यंजन घ्या, दुसऱ्याचा उरलेला भाग घ्या, जोडा. इसवी सन ६०१ मध्ये लू फायेन यांनी केलेला 'छ्ये-युन' हा कोश असाच आहे आणि १००८ मधला 'क्वांग-युन' हा त्याचाच वाढवलेला अवतार. पुढे संस्कृत शिकलेल्या बौद्ध भिक्षूंमुळे वर्णमालेची कल्पना तिकडे पोचली आणि चिनी व्यंजनांचीही ओठांची, जिभेची, दातांची, घशाची अशी वर्गवारी झाली. आपण शाळेत क-वर्ग, च-वर्ग म्हणतो ना, त्याच विचाराचं नातं. तांग काळाच्या अखेरीचे शोउवन नावाचे भिक्षू त्याचे जनक मानले जातात.

'क्वांग-युन'मधलं एक सूत्र घेऊ. 'बघणं, भेटणं' या अर्थाच्या अक्षरासाठी दोन अक्षरं दिली आहेत. मँडरिनमध्ये ती वाचली तर 'कू' आणि 'त्येन'. जोडा. 'क' अधिक 'येन', झाला 'क्येन'. असा उच्चार मँडरिनमध्ये अस्तित्वातच नाही! खरा उच्चार आहे 'च्येन'. सूत्र मोडलेलं वाटतं. आता तीच दोन अक्षरं कँटनीजमध्ये वाचा: 'कू' आणि 'तिन'. 'क' अधिक 'इन', झाला 'किन'. आणि कँटनीजमध्ये त्या अक्षराचा उच्चार खरोखर 'किन'च आहे. हजार वर्षांपूर्वीची चावी, आणि ती आजही एका भाषेत कुलपात बसते.

म्हणूनच मी सुरुवातीला 'चिनी भाषांमध्ये' असं अनेकवचन वापरलं. चीनमध्ये अधिकृतपणे कँटनीज, होक्कियन, शांघायची भाषा या सगळ्यांना बोली म्हणतात, जरी शांघायच्या माणसाला कँटनीज कळत नसली आणि दोघांना होक्कियन कळत नसली तरी. ऑक्टोबर २००० मध्ये तिथे राष्ट्रीय सामान्य भाषेचा कायदा झाला आणि १ जानेवारी २००१ पासून लागू झाला. शाळा, कार्यालयं, प्रसारण यांची मुख्य भाषा मँडरिन. एवढ्या मोठ्या देशाला एकमेकांशी बोलायला एक भाषा लागते, हे समजण्यासारखं आहे. पण जुलै २०१० मध्ये क्वांगचौच्या टीव्ही वाहिनीने कँटनीजऐवजी मुख्यतः मँडरिनमध्ये कार्यक्रम करावेत अशी सूचना आली, तेव्हा तिथले लोक रस्त्यावर उतरले. त्यांना मँडरिन येत नव्हती म्हणून नाही. आपल्या मुलांच्या तोंडातून घरची भाषा जाईल ही भीती होती.

आणि त्या भाषेबरोबर काय जाईल, हे आता तुम्हाला माहीत आहे. कँटनीजकडे शेवटचे प, त, क आहेत. होक्कियनकडे 'फ'च्या आधीचा 'प' आहे. शांघायकडे सुरांना जन्म देणारा कंप आहे. मँडरिनकडे 'इ'ने केलेल्या बदलांचा पूर्ण नकाशा आहे. एकाच जुन्या घरातली भांडी चार भावांच्या घरी वाटली गेली आहेत. एखाद्या घरातली भांडी मोडीत काढली, तर मूळ स्वयंपाकघर कसं होतं ते कधीच पूर्ण कळणार नाही. यातली कुठलीही भाषा दुसरीचं बिघडलेलं रूप नाही. प्रत्येकीत शेजार वेगळा मिळाला आणि बदल वेगळा झाला, इतकंच.

'अशुद्ध' हा शब्द आपल्याकडेही फार सहज तोंडात येतो. मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी बोलणाऱ्या मुलाला वर्गात हसतात. पुढच्या वेळी कुणी वेगळा उच्चार केला तर हसण्याआधी एकदा त्याच्या शेजारचा आवाज ऐका. 'घरचा' म्हणणारे आपण सगळेच 'घरची' म्हणताना च बदलतो, आणि त्याला कुणी अशुद्ध म्हणत नाही.

जाता जाता एक काम देतो. तुमच्या घरच्या बोलीत असे शब्द शोधा, ज्यांत पुढचा स्वर बदलला की आधीचं व्यंजन बदलतं. आजीला विचारा, मामाला विचारा, मोबाईलवर रेकॉर्ड करा आणि आम्हाला पाठवा. चांगले नमुने पुढच्या एखाद्या भागात ऐकवू.

आणि निरोप आजच्या विषयाला शोभेल असा. 'पुन्हा भेटू' साठी मँडरिनमध्ये 'त्साय-च्येन'. कँटनीजमध्ये 'त्सॉय-किन'. दोन्हींत शेवटी तेच अक्षर, ज्याचं सूत्र आपण आत्ता सोडवलं. त्साय-च्येन, त्सॉय-किन, आणि आपल्या मराठीत, भेटूया!